रुद्रभूमीतले कंदील

अन्वय, मीरा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, हे बसप्पा कोण?" तेव्हा मी उत्तर टाळलं. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलाने, महादेवने, "अप्पा गेले" एवढंच सांगून फोन ठेवला होता. आता लिहिते, कारण या गोष्टीत चूक माझी आहे आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मी तेव्हा नांदेडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मोठ्या दुष्काळात लोकांनी माळावरचे कंद उकरून पोट भरलं, त्यात कंदीलपुष्पाचा वेल आमच्या भागातून जवळजवळ गेला. बोटाच्या पेराएवढं, हुबेहूब कंदिलासारखं फूल... काही वर्षांनी तो मला कंधारपलीकडच्या एका गावात सापडला, लिंगायतांच्या रुद्रभूमीत. लिंगायतांत देह पुरतात. त्या जमिनीत खाण्यासाठी कुणी कुदळ मारत नाही. भुकेच्या वर्षीही मारली नव्हती. लागून शेत बसप्पांचं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. हद्द इकडून जाणार, जमिनी जाणार, अशा वावड्या रोज उठत. त्यात मी टेप आणि वही घेऊन उतरले.

"काय मोजून राहिल्या, बाई?"

"वेल मोजतेय."

बसप्पा शेजारच्या माणसाकडे वळले. "ऐकलं का? सरकारनं आता वेलीचा तलाठी धाडलाय."

मी फूल पुढे केलं. ते माझ्या वहीकडेच बघत होते.

जागा राखीव व्हावी म्हणून नकाशासह अर्ज करायचा होता. मला शिस्तीची हौस. प्रत्येक वेलापाशी चुन्याने रंगवलेला दगड ठेवला, त्यावर क्रमांक घातला. दिवाळीनंतर गेले, तर बसप्पा एका दगडापाशी उकिडवे बसलेले, हातात कुदळ, पिशवीत कंद. मला बघताच त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. त्या सुमारास एक व्यापारी औषधासाठी कंद विकत घेत गावोगाव हिंडत होता. मी एक शब्द विचारला नाही. नांदेडला येऊन त्यांच्या नावाने तक्रार लिहिली, सुवाच्य अक्षरात. चौकशीला आलेल्या माणसाने त्यांना दिवसभर चावडीवर गावासमोर बसवून ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात गेले. प्रत्येक दगडाशेजारी खड्डा, वेल एकही नाही. बसप्पा बांधावरून सावकाश आले आणि "मागं चला" म्हणाले. समाध्यांच्या पलीकडे, बोरीच्या झुडपांवर वेल चढले होते. फुलले होते.

"तुम्ही दगडाला चुना लावला, तो चोराला दुरून दिसाया लागला. उन्हाळ्यात येऊन उकरून गेले. कंदाचे गड्डे मी आधीच हलवले व्हते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही वहीत लिहिलं असतं. अन् तुम्ही तरी इचारलं कुठं? कागद लिहिला."

मी माफी मागितली. ते "हाव" म्हणाले, बस. मी अर्ज केला नाही, नकाशा फाडून टाकला. पुढे त्यांनी गावात पायंडाच पाडला: कुणी गेलं की खड्ड्याची जागा आधी बसप्पा दाखवणार, तिथले गड्डे काढून दुसरीकडे लावणार, मग कुदळ पडणार. माझ्यावर त्यांनी पुरता विश्वास कधी टाकला नाही. वेल दाखवायला नेताना मुद्दाम लांबून फिरवत. आणि खरं सांगायचं तर मीही... त्या पिशवीतले कंद आणि पलीकडे फुललेले वेल यांचा मेळ मला आजही लागत नाही. थोडे त्यांनी विकले का? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तरी दर संक्रांतीला त्यांच्या घरचा हुरडा आला आणि दर पावसाळ्यात मी गेले.

बसप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी महादेवला भेटायला गेले तेव्हा विचारलं, "यावेळी जागा कुणी दाखवली?"

"अप्पांनीच दाखवून ठेवली व्हती," तो म्हणाला. "मुरमाड कोपरा. तिथं काहीच उगवत न्हाई."

वेल आहेत. यंदाही फुललेत. गावाचं नाव मी लिहिलेलं नाही.