टाळी वाजवून घेतलेली तपासणी

सदर व्यक्ती स्त्री, वय अठ्ठेचाळीस. पद: वाचा-उपचारतज्ज्ञ, सरकारी शाळा विभाग. कार्यक्षेत्र: पाच शाळा, दर शाळेला आठवड्यातला एक दिवस. कार्यालय: त्या त्या शाळेत जी खोली दुसऱ्या कुणालाच नको असेल ती. साहित्य: चित्रांची कार्डं शंभर, आरसा एक, जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या एक डबा. ओळखीची खूण: समोरच्याला ओठ आणि दात दिसतील अशा बेताने बोलते, घरी मीठ मागतानासुद्धा. यावर घरच्यांचं म्हणणं नोंदवण्यात आलेलं नाही.

मुलं तिला जीभबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

बुधवारच्या शाळेत त्यांची खोली जिन्याखाली होती. सोबतीला हवा गेलेले चेंडू आणि एक मोडकं बाक. छत इतकं तिरकं की उंच मुलांना उच्चार वाकून शिकावे लागत. तिथे दोन वर्षं, दर बुधवारी सव्वादहाला, एका शिवणकाम करणाऱ्या बाईची धाकटी मुलगी येई. आली तेव्हा सात वर्षांची होती, आता नऊची झाली होती. तिच्या बोलण्यातून ‘स’ आणि ‘श’ गळून पडलेले. वर्गात वाचायला उभी राहिली की मागच्या बाकांवर खसखस पिके, म्हणून तिने उभं राहणंच सोडून दिलं होतं.

जिन्याखाली मात्र ती हुशार. बाई समोर बसून, दात मिटून, सावकाश ‘साबण’ म्हणत. मुलगी बघे, आरशात तसेच दात मिटे आणि ‘साबण’ म्हणे. वीसपैकी अठरा. खोलीबाहेर पाऊल पडलं की साबणाचा ‘स’ गेलाच.

हे असं का होतं, याचं उत्तर बाईंनी पहिल्याच अहवालात देऊन टाकलं होतं: ‘घरी सराव घेतला जात नाही.’ चार अहवालांत हे वाक्य चार वेळा आलं. चौथ्या खेपेला त्यात ‘वारंवार सूचना देऊनही’ अशी भर पडली. वाक्य सोयीचं होतं. ते लिहिलं की पुढचं काही लिहावं लागत नसे.

मग एका बुधवारी बाईंना सर्दी झाली. मुलांना लागायला नको म्हणून त्यांनी मास्क लावला.

“जीभबाई, आज दुकान बंद?” शिपाईमामा म्हणाले. “अहो, भांडवलच झाकून ठेवलंत की!”

बाई हसल्या. मुलगी आली, समोर बसली.

“साबण,” बाई म्हणाल्या.

मुलगी मास्ककडे बघत राहिली. मग अंदाजाने म्हणाली, “आवन?”

वीसपैकी तीन.

“चेष्टा चाललीय का गं? मागच्या आठवड्यात येत होतं ना सगळं?”

मुलगी बावरली. तिने हात पुढे करून बाईंच्या मास्कला बोट लावलं. “काढा ना,” ती म्हणाली. “दिअत नाही.”

बाईंनी मास्क काढला. वहीचं एक पान फाडून तोंडासमोर धरलं आणि एकेक आवाज काढला. ऐकू आला की हात वर करायचा. ‘आ’ला हात वर झाला. ‘ऊ’ला झाला, ‘म’ला झाला. ‘श’ला नाही. ‘स’ला नाही. बाईंनी पुन्हा ‘स’ म्हटला, लांबवून, जोर लावून. मुलगी आज्ञाधारकपणे कागदाकडे बघत राहिली.

ही तपासणी पाच मिनिटांची. कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात: आधी कान, मग जीभ.

फाइलमध्ये कानाच्या तपासणीचा कागद होता. निष्कर्ष: सामान्य. अक्षर बाईंचंच. दोन वर्षांपूर्वी, त्या तपासणीच्या दिवशी यंत्र बिघडलं होतं, बेचाळीस मुलं रांगेत उभी होती आणि तक्ते चारच्या आत वर पाठवायचे होते. बाईंनी प्रत्येकाच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मूल वळलं की सामान्य. बेचाळीसच्या बेचाळीस वळली. टाळी ऐकण्यापुरता कान या मुलीला होता. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकण्यापुरता नव्हता. दोन वर्षं ती बाईंचं ऐकत नव्हती, वाचत होती.

उरलेली एकेचाळीस मुलं बाईंनी पंधरा दिवसांत चालू यंत्रावर तपासली. सगळी ठीक निघाली. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

इस्पितळाने मुलीला दोन्ही कानांची यंत्रं लिहून दिली. मुख्याध्यापिका खूश झाल्या.

“म्हणजे तुम्हीच शोधून काढलंत की! तसंच लिहा अहवालात.”

“पण मोठ्या बाई, तो आधीचा कागद...”

“जुनी मढी कशाला उकरताय? जगाला बोलायला शिकवता, जरा गप्प बसायलाही शिका.”

गप्प बसणं अवघड नव्हतं. त्या कागदाबद्दल मुलीच्या आईला कोण सांगणार होतं? सांगितलं तर फक्त बाईच सांगणार होत्या.

आई आली ती हातातलं काम टाकून. बाहीला दोऱ्याचे तुकडे, गळ्यात मापाची टेप तशीच.

“बाई, तुमचे उपकार कसे फेडू?” ती म्हणाली. “शब्दांची यादी मी मशीनसमोर चिकटवली होती. रोज संध्याकाळी घ्यायचे. तुमच्याकडे येतं आणि घरी येत नाही, मला वाटायचं मुद्दाम करते. त्यात तुमच्या अहवालाचा कागद घरी यायचा. ह्यांनी तो वाचला की म्हणायचे, दिवसभर मशीन बडवतेस, पोरीला पंधरा मिनिटं देता येत नाहीत? मग मी मापाची पट्टी हातात घेतली. मारलं हो मी तिला. ऐकूच येत नव्हतं, आणि मी मारत होते.”

बाईंनी आपलं वाक्य तयार करून आणलं होतं. आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिलं होतं. आता ते तुकड्या-तुकड्यांनी आलं.

“ताई, ते... तपासणी मी केलीच नव्हती. यंत्र बंद होतं. टाळी वाजवली नुसती, आणि लिहून दिलं. आणि तुमच्याबद्दल लिहिलं ते... ते मनानंच लिहिलं.”

आईने गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती गुंडाळत राहिली.

“चार वेळा लिहिलंत.”

“हो.”

“एकदा मला विचारायचं होतंत.”

बाईंनी तोंड उघडलं. ओठ, दात, जीभ, सगळं जागच्या जागी होतं.

टेप गुंडाळून झाली. ती पिशवीत टाकून आई निघून गेली.

चारही अहवालांतलं ते वाक्य खोटं आहे आणि तपासणी झालेली नाही, असं बाईंनी त्याच दिवशी वर लेखी कळवलं. महिन्याने उत्तर आलं. सदर प्रकरण ‘वेळीच निदान, समाधानकारक प्रगती’ या सदरात नोंदवून बंद करण्यात आले असून बंद प्रकरणात दुरुस्तीची तरतूद नाही. संबंधित तज्ज्ञांचे त्यांच्या दक्षतेबद्दल अभिनंदन.

मुलीला आईने आता दुसऱ्या शाळेत घातलं आहे. तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ नाही.