हंगामासाठी घेतलेलं पुस्तक

बाभुळगावात शेख बुढन पिंजाऱ्याला ओळखत नाही असं घर नव्हतं. दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की घरोघरी जुन्या गाद्या-रजया उसवल्या जात. दबून गोळा झालेला कापूस पडवीत ओतला जाई. मग बुढन खांद्यावर पिंजण घेऊन येई. माणसाएवढी लाकडी कमान, तिची ताणलेली तात आणि तातेवर बसणारा लाकडी मुठा. तो टणत्कार दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई. दिवस मावळताना तो घरी निघे तेव्हा त्याच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. पोरं त्याला बुढा म्हणून चिडवीत. तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती.

पिंजाऱ्याचा हंगाम तीन महिन्यांचा. संक्रांत गेली की रजई कोणी भरत नाही. बाकीचं वर्ष बुढन आणि त्याची बायको जैतून दुसऱ्याच्या शेतात राबत. बुढन साल मोजायचा ते हंगामावरून. त्याचा घात त्यातच झाला.

त्याचा थोरला भाऊ मुनीर अठ्ठेचाळीस साली कराचीला गेला होता. जाताना आईला घेऊन गेला. छप्पनच्या उन्हाळ्यात मुनीरचं पत्र आलं, माय अंथरुणाला खिळली आहे, येऊन जा. बुढननं नागपूरहून रीतसर, थोड्या मुदतीचा पासपोर्ट काढला आणि गेला. माय पाच महिने झिजली. तिला माती देऊन तो परत निघायला लागला, तेव्हा त्याच्या पासपोर्टाची मुदत संपली होती. तिथल्या भारतीय कचेरीत सांगितलं, नागपूरहून पडताळणी मागवू, मग नवा देऊ. पण त्याच सुमाराला नागपूर, यवतमाळ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं. फायली वाटेत होत्या. चार महिने तरी लागतील, म्हणाले.

चार महिने म्हणजे आख्खा हंगाम. बाभुळगावात दिवाळीचे दिवे लागले होते. मुनीर म्हणाला, इथलं, पाकिस्तानचं पासपोर्टाचं पुस्तक आठ दिवसांत मिळतं. बुढननं ते घेतलं. पुस्तक ते पुस्तक, त्याला वाटलं. तो गावात पोचला आणि दुसऱ्या दिवशी शेतमालक पंजाबरावांच्या पडवीत सात रजयांचा कापूस पिंजायला बसला.

तीन महिन्यांनी हवालदार सदाशिवराव दारात आले. "बुढन, तुही मुदत संपली."

"कायची मुदत?"

"इथं ऱ्हायची. तू पाकिस्तानी हायेस बाप्पा."

बुढन हसला. सदाशिवरावही हसले. मग त्यांनी कागद दाखवला.

तेव्हापासून दर वर्षी मुदतवाढीचा अर्ज. तो लिहायचा शेजारच्या धर्मपालनं. धर्मपाल तेव्हा शाळेत होता, अक्षर चांगलं म्हणून त्याला बसवलं. पुढे तो अमरावतीहून मराठी घेऊन बी. ए. झाला आणि गावातच मास्तर म्हणून लागला. अर्ज त्याच्याकडेच राहिला. ठाण्यात दोघं गेले की सदाशिवराव म्हणायचे, "छप्पन साली सारेच बदलले गड्या. मास्तर, तुमी धर्म बदलला. सरकारनं राज्य बदललं. अन् या येड्यानं देश बदलला, थेही कोणाले न इचारता." बुढन मान हलवायचा. हवालदारांच्या घरची गादी तोच भरून देत असे.

पासष्टच्या उन्हाळ्यात कच्छच्या रणात गोळीबार झाल्याची बातमी आली. पंधरा दिवसांनी बुढनला नोटीस आली. नागरिकत्वाची चौकशी होईल. भारतीय असल्याचं ठरलं नाही तर तीस दिवसांत देश सोडावा लागेल.

धर्मपाल त्याला यवतमाळच्या वकिलाकडे घेऊन गेला. वकिलांनी एकच वाट सांगितली. पुस्तक स्वखुशीनं घेतलं म्हटलं तर खेळ खलास. दुसऱ्यानं फसवून घ्यायला लावलं म्हटलं तर आशा आहे. भावानं फसवलं, एवढंच म्हणायचं. भाऊ तिकडे, त्याला कोण विचारतो?

धर्मपालनं जबाब तयार केला. दोनच वाक्यं. एसटीत त्याच्याकडून ती चार वेळा म्हणवून घेतली. बुढननं चारही वेळा नीट म्हटली. साक्षीला पंजाबराव नवा फेटा बांधून आले होते. बुढन लहानपणापासून याच गावचा, हे सांगायला.

यवतमाळच्या कचेरीतले चौकशीचे साहेब सभ्य होते. त्यांनी बुढनला बसायला खुर्ची दिली. कारकून लेखणी घेऊन तयार होता.

"हे पुस्तक तुम्ही आपखुशीनं घेतलं, की कोणी फसवून घ्यायला लावलं?"

बुढननं कारकुनाच्या लेखणीकडे पाहिलं.

"म्या घेतलं साहेब. हंगाम जाऊन राह्यला होता."

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, जसा वर्गात उत्तर सुचवताना विचारतात तसा. "भावानं काही सांगितलं होतं का तुम्हाला?"

"थो म्हणे, आठ दिवसांत भेटते. भेटलं आठ दिवसांत. खोटं काई बोलला नाई."

कारकुनानं ते लिहून घेतलं. खाली बुढनचा अंगठा घेतला. तीस दिवसांची मुदत त्याच दिवसापासून लागली.

बाहेर आल्यावर पंजाबराव फेटा सोडत म्हणाले, "काहून बे? दोन वाक्यं होती. माह्या पोपटानं म्हणली असती."

"थो लिवून घेत होता," बुढन म्हणाला. "तोंडानं म्या मुनीरले लय शिव्या देल्ल्या हायेत मालक. लिवलेलं ऱ्हाते. आठ वर्सं मायले त्यानं सांभाळलं, तिचं हागणं-मुतणं काढलं. अन् म्या त्याले सरकारी कागदात चोर करू?"

धर्मपालला राग आला होता. बाभुळगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

जैतून दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन नवऱ्याला पाणी आणून दिलं.

"खरं बोलले, चांगलं केलं," ती म्हणाली. "आता मीही खरं बोलतो. मी तिकडे येत नाई."

बुढननं पेला खाली ठेवला.

"तुमच्या मायसाठी तुमी गेलते. म्या अडवलं का? माह्यी माय केळापूरले एकटी हाये. तिले डोयानं दिसत नाई. तुमी भावाचं नाव राखलं. मले मायले राखू द्या."

"मी येतो ना परत. अर्ज करून."

"हाव. या."

पुढचे वीस-बावीस दिवस दोघं नेहमीसारखे वागले. बुढननं छपराची कौलं फेरली, सरपण फोडून ठेवलं. गावानं आणखी एक अर्ज केला, त्यावर दोनशे सह्या-अंगठे झाले. उत्तर आलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला सदाशिवराव त्याला घेऊन धामणगाव स्टेशनवर गेले. बरोबर धर्मपाल होता. हवालदारांनी तिघांचा चहा सांगितला. गाडी लागली तेव्हा धर्मपालनं विचारलं, "अजून वाटते का बुढनभाऊ, बरोबर केलं म्हणून?"

"बरोबर कायचं मास्तर," बुढन म्हणाला. "जैतूनले इचारलं नाई म्या. तिले इचारून जाले पायजे होतं साहेबापुढे." आणि तो डब्यात चढला.

सप्टेंबरात लढाई पेटली. सरहद्द बंद, टपाल बंद. गावात ब्लॅकआउटची चर्चा झाली, तसा उजेड गावात फारसा नव्हताच. त्या दिवाळीनंतर लोकांनी कापूस यवतमाळला यंत्रावर पिंजून आणला. काहींनी जुन्याच रजया पांघरल्या.

सहासष्टच्या एप्रिलात पत्र आलं. कोणाकडून लिहवून घेतलेलं, उर्दूत होतं. धर्मपालनं ते मशिदीतल्या हाफिजजींकडून वाचून घेतलं आणि जैतूनला सांगितलं. मुनीर कामाला होता त्याच गिरणीत बुढन लागला होता. तब्येत ठीक. इकडे यायला त्याला परवानगी मिळत नाही. तिला तिकडे यायला मिळू शकते, कागद मुनीर पाठवील. येतेस का, ते लिही.

जैतून मायला जेवू घालत होती. म्हातारी आता इथंच राहायला आली होती. जैतून घास भरवता भरवता सांगत गेली, धर्मपाल लिहीत गेला. छप्पर गळलं नाही. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, माद्या. पंजाबरावांच्या पोरीचं जमलं. सदाशिवरावांची बदली वणीला झाली.

ती थांबली.

"भाभी, त्यानं विचारलं ते? येता का नाही, काय लिहू?"

जैतूननं मायचं तोंड पदरानं पुसलं.

"कागद उरला का?"

"अर्धा उरला."

"मंग कोराच ऱ्हाऊ द्या तेवढा," ती म्हणाली. "धाडून द्या."