मौनीताईंचे दात

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर त्या सव्वीस वर्षं बसल्या. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, शेजाऱ्याने पंप लावलाय. माणसं खिडकीत तोंड घालून ओरडत, कधी थेट उद्धार करत. त्या ऐकून घेत, नोंद करत आणि क्रमांकाची चिठ्ठी काचेखालून सरकवत. आवाज कधी चढला नाही. ऑफिसात सगळे त्यांना मौनीताई म्हणत.

नवरा बेकरीच्या भट्टीवर रात्रपाळीला. तो घरी येई तेव्हा यांची डबा भरायची घाई चाललेली असे. त्यामुळे मौनीताई झोपेत काय करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी कानशिलं ठणकत, जबडा जड वाटे, घास चावताना कानाजवळ कट्कन वाजे. डोकेदुखीची एक गोळी घेऊन त्या कामाला लागत.

स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नणंद महिनाभर राहायला आली आणि त्यांच्याच खोलीत झोपली. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे उंदीर झालेत. सारखं काहीतरी कुरतडत होते."

पिंजरा लावला. आतला पावाचा तुकडा तीन दिवस जसाच्या तसा. चौथ्या सकाळी नणंद चहा घेता घेता हसायलाच लागली. "उंदीर कसले! तुम्हीच आहात त्या. मी दिवा लावून बघितलं. अहो, कुणावर एवढे दात खाता?"

"मी कुणावर दात खाणार, वन्सं?"

"जंत असतील," नवरा बूट काढता काढता म्हणाला. "लहान मुलं खातात तसं."

जंतांची गोळी झाली. फरक शून्य. पुढच्याच आठवड्यात शेंगदाणा चावताना दाढेचा टवका उडाला, आणि मग दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जावंच लागलं.

डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा आत धरून बराच वेळ पाहिलं. "सुळे पार सपाट झालेत. हे कालपरवाचं नाही, वर्षानुवर्षं चाललंय."

"मग औषध द्या काहीतरी."

"एका औषधाने जाणारं हे दुखणं नाही." त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. घोरता का? झोपेत श्वास अडकतो का? झोपेची किंवा मनाची कुठली गोळी चालू आहे का? चहा किती? घोरणं असतं तर आधी झोपेची तपासणी करावी लागली असती. गोळी असती तर ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं लागलं असतं. दोन्ही नव्हतं. चहा मात्र सहा कप निघाला. त्यातले संध्याकाळचे दोन बंद झाले.

"रात्री दातांवर चढवायची पट्टी करून देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सवय तिने मोडेलच असं नाही, पण दात वाचतील. जबड्याच्या स्नायूत इंजेक्शनही देतात. स्नायू ढिला पडतो, पण काही महिन्यांनी असर उतरतो, पुन्हा घ्यावं लागतं. तुम्हाला इतक्यात ते नको."

"पट्टी दुकानात तयार मिळते ना?"

"मिळते. पण सैल बसते."

तरीही मौनीताईंनी आधी दुकानातलीच आणली. पहिल्या दोन्ही सकाळी ती पलंगाखाली सापडली. तिसऱ्या दिवशी त्या मुकाट्याने दातांचं माप द्यायला गेल्या. मापाची पट्टी टणक होती. पहिला आठवडा घोड्याला लगाम घालावा तसं वाटलं, उशी लाळेने भिजली. मग सवय झाली. फुटलेल्या दाढेवर टोपी बसली.

दिवसासाठी डॉक्टरीणबाईंनी लाल ठिपक्यांचे स्टिकर दिले होते. ठिपका दिसला की बघायचं: ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात सुटे. मौनीताईंनी एक खिडकीच्या चौकटीला लावला, एक तक्रारवहीच्या पुठ्ठ्यावर.

त्यांना वाटलं होतं, लोक ओरडतात तेव्हा दात आवळले जात असतील. तसं नव्हतं. चौकटीवरच्या ठिपक्याकडे पाहावं तर जबडा सैल असे. दात आवळलेले सापडत ते चार वाजता, वही पुढे ओढल्यावर. दिवसभरातल्या तक्रारींपुढे त्या वेळी 'निकाली' लिहायचं असे. दुरुस्तीची माणसं तिकडे फिरकलेलीही नसत, पण वरच्या साहेबांना शिल्लक तक्रार चालत नसे. सव्वीस वर्षांत चार साहेब बदलले, शब्द तोच राहिला.

दहा-बारा दिवस त्यांनी हे नुसतं पाहिलं. मग एका दुपारी वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, आजपासून मी दुरुस्ती झाल्याशिवाय निकाली लिहिणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "काय झालं मौनीताई? बरं नाही का?"

"बरी आहे. दाढ फुटली होती, तीही बसवली."

दाढेचा संबंध काय, हे साहेबांना कळलं नाही. मौनीताईंनी सांगितलाही नाही. त्या महिन्यात एकशे बारा तक्रारी शिल्लक दिसल्या, वरून विचारणा झाली, आणि पुढच्या महिन्यात मौनीताईंची बदली तळमजल्यावरच्या मीटर तपासणीच्या खोलीत झाली. नणंद फोनवर म्हणाली, "शिक्षाच की ही!" मौनीताई म्हणाल्या, "असेल."

त्या खोलीत खिडकी नव्हती. लांब टेबलावर पितळी मीटर रांगेने ठेवलेले. त्यांच्यातून मोजून पाणी सोडायचं आणि काटा बरोबर दाखवतो का ते पाहायचं. बरोबर असेल तर हिरवी चिठ्ठी, नसेल तर पिवळी. वर्षानुवर्षं तिथे बसलेला मेकॅनिक कमी ऐकत असे, त्यामुळे त्याच्याशी मोठ्याने बोलावं लागे. मौनीताईंना ते जमायला आठवडा लागला.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरली. डाव्या बाजूला ओरखडे होते, उजवी जवळजवळ कोरी होती.

"म्हणजे अजून खाते मी दात?"

"खाता. पण कमी. डोकं दुखतं?"

मौनीताईंना आठवावं लागलं. "मागे कधीतरी दुखलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढची तारीख घेऊन, सुट्टी अर्ध्याच दिवसाची असल्यामुळे, मीटरच्या खोलीकडे निघाल्या.