गिरणीचं इंजन झोके खाऊ लागलं तेव्हा

यंत्र सरळ बंद पडलं तर मला त्याचा राग येत नाही. उघडावं, मोडलेला तुकडा काढावा, नवा बसवावा, विषय संपला. माझं डोकं फिरतं ते धड बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही अशा यंत्रानं. लढाईच्या काळात भोरहून भाटघरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका भाताच्या गिरणीत मी इंजनवाला होतो. तिथल्या वाफेच्या इंजनानं एका सुगीत माझा असा काही छळ मांडला की आज आठवलं तरी कपाळाची शीर उडते.

दुखणं असं होतं. इंजन मधेच अंगात आल्यासारखं पळायचं, छपराचे पत्रे थरथरायचे, पट्टा फटाफट वाजायचा, आणि लगेच दम लागल्यासारखं मंदावायचं. की पुन्हा पळायला तयार. अशा इंजनाचा वेग एकसारखा राहावा म्हणून त्यावर दोन लोखंडी गोळे फिरत असतात. वेग वाढला की गोळे फाकतात आणि दांडीनं ओढून वाफेचा व्हॉल्व जरा मिटतात, वेग पडला की जरा उघडतात. माणसानं हात लावायचं कारणच नाही. पण आमचा व्हॉल्व एकतर सताड उघडायचा नाहीतर गपकन मिटायचा. मधे कुठं थांबायचं असतं हे तो विसरूनच गेला होता.

इंजन पळालं की भात भरडायच्या यंत्रात दाणा मोडायचा. वेल्ह्याकडनं घाटवाटेनं बैलगाडी हाकत आंबेमोहोर घेऊन आलेला माणूस पोत्यात हात घालायचा आणि मूठभर कणी माझ्या नाकासमोर धरून विचारायचा, ह्याला तांदूळ म्हणायचं का? मालक गल्ल्यावर बसलेले असायचे, पण शिव्या मात्र माझ्या वाट्याला.

मालकांनी आपल्या मनाशी गुन्हेगार ठरवून टाकला होता. बॉयलरखाली तूस टाकून आग राखणारा भाटघरचा एक म्हातारा होता, आम्ही सगळे त्याला आबा म्हणायचो. आबाचे हात आता थकलेत, तो तूस कधी ढीगभर टाकतो, कधी टाकतच नाही, म्हणून वाफ वरखाली होते आणि इंजन झोके खातं, असं मालकांचं म्हणणं. त्यांनी सारोळ्याचा एक तरणा गडी बघूनही ठेवला होता. येत्या बाजाराच्या दिवसापासून तो यायचा आणि आबानं घरी बसायचं. घरी बसून आबा काय खाणार होता? जमीन धरणाच्या पाण्यात गेलेली, पोटी मूलबाळ नाही, घरात फक्त म्हातारी. पण हे मालकांना सांगायला कोण जाणार? मी गेलो. मालक म्हणाले, तू इंजन बघ.

त्यात मालकांचे मेहुणे पुण्याहून पाहुणे म्हणून आले. उंटावरचे शहाणे! त्यांनी पहिल्याच दिवशी गोळ्यांची स्प्रिंग आवळली. इंजन आणखी जोरात झोके खायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सैल केली, तर पट्टाच उडाला. मग म्हणाले, गोळ्यांचं वजन चुकलंय. अहो, तेच गोळे गेली किती वर्षं सरळ फिरत होते, आताच त्यांचं वजन कसं चुकेल? आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय. मी दात खाऊन पट्टा पुन्हा चढवला, कारण पाहुणे मालकांचे होते.

मी आपला बॉयलरवरच्या, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडं बघत बसलो. काटा हलत नव्हता. इंजन पळो की मंदावो, वाफ होती तेवढीच होती. म्हणजे आग बरोबर होती. मालकांना बोलावून काटा दाखवला, तर म्हणाले, घड्याळही जुनंच आहे.

आता मात्र माझं टाळकं सरकलं. बाजार उद्यावर आला होता. मी गोळ्यांची दांडी व्हॉल्वपासून सोडवली आणि व्हॉल्व हातानं अर्धा उघडून तसाच धरून ठेवला. इंजन सुतासारखं सरळ चालायला लागलं. आबा तोच, तूस तेच, बॉयलर तोच, आणि झोक्याचा मागमूस नाही. पुन्हा मालकांना हाक मारली. त्यांनी मान डोलावली आणि काय म्हणाले असतील? बरं चाललंय की, मग असाच धरून बस! मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

संध्याकाळी इंजन गार झाल्यावर मी व्हॉल्वची स्वतःची दांडी, जिला गोळ्यांची दांडी ओढते ती, बोटानं ढकलून बघितली. हलेना. आणखी ढकलली, तरी हलेना. जोर लावला तशी एकदम उसळून पार पलीकडं गेली. तिथंच मला उमगलं. गोळे बिचारे हळूच ढकलायचे, दांडी अडून बसायची. वेग फार चढला की गोळ्यांचा जोर वाढायचा, मग ती सुटायची ती नको तितकी पुढं जाऊन पुन्हा अडायची. उघडताना तेच आणि मिटताना तेच. स्प्रिंग आवळून किंवा म्हातारा घालवून हे कसं थांबणार होतं?

दांडी बाहेर काढली. तिच्यावर तपकिरी चिकट थर चढला होता, तळणीच्या कढईच्या बुडाला बसतो तसला. नखानं खरवडून वास घेतला. खुरासणीचं तेल! आमच्या घरी रोज भाजीला पडणारं तेल मला ओळखू येणार नाही होय? इंजनात हे कुणी ओतलं म्हणून मी ओरडलो, तर आबा राखेचं घमेलं खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "म्या घालतो की."

लढाई लागल्यापासून मशीनचं तेल मिळत नाही असं मालकांनी सांगून टाकलं होतं. होतं नव्हतं ते मी थेंबाथेंबानं चाकांच्या बेअरिंगांना पुरवत होतो. आबाला ती दांडी कोरडी दिसली आणि त्याला राहवेना. मी यायच्या आधी, पहाटे आग पेटवताना, तो इंजनाला हात जोडायचा आणि कमरेला खोचलेल्या शिशीतलं तेल दांडीवर सोडायचा. शनिवारी मारुतीला घालतो, मग ज्याच्या जिवावर खातो त्याला कोरडं ठेवायचं का, असं तो मलाच विचारायला लागला. वाफेच्या धगीनं ते तेल शिजून डिंक व्हायचं आणि दांडी अडली की आबा आणखी तेल सोडायचा. तेल कुठनं आणता म्हणून विचारलं, तर म्हणाला घरातलं, दिवाळीपासनं म्हातारी बिनफोडणीचं कालवण करती.

मी त्याला नाही नाही ते बोललो. अहो, तुमच्याच नोकरीसाठी मी जीव काढतोय आणि तुम्हीच रोज उठून तिच्यावर तेल ओतताय! मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या म्हातारीच्या बिनफोडणीच्या कालवणाचं वाईटही वाटत होतं. शेवटी उकळत्या पाण्यात राख कालवून आम्ही दोघांनी मिळून ती दांडी घासली, लखलखीत केली आणि बसवली. मालकांना काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं होतं. घाण साठली होती एवढंच सांगायचं. खाण्याचं तेल म्हटलं असतं, तर आगीसाठी नाही तरी तेलासाठी त्यांनी आबाला काढलाच असता.

बाजाराच्या दिवशी सकाळी इंजन सुरू झालं. गोळे जरा फाकले आणि तिथंच ठरले. पोत्यात अख्खा तांदूळ पडू लागला. मालक मेहुण्यांना घेऊन आले, सारोळ्याचा गडीही दाराशी येऊन उभा होता. काय निघालं, मालकांनी विचारलं. घाण, मी म्हणालो. तेवढ्यात बॉयलरकडून आबा आला आणि म्हणाला, "मालक, ती घाण माजी व्हती." आणि शिशीपासून कालवणापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. मला वाटलं, गेलं, सगळं मुसळ केरात!

मालकांनी पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ बघितला. मग म्हणाले, आग बरोबर आहे ना, मग राहू दे म्हाताऱ्याला. सारोळ्याच्या गड्याला त्यांनी परत पाठवलं आणि आपल्या घरगड्याला हाक मारून काहीतरी आणायला सांगितलं. घर गिरणीच्या पाठीलाच होतं. गडी गेला आणि खांद्यावर डबा घेऊन लगेच परत आला. मशीनच्या तेलाचा डबा, सील न फोडलेला, झाकणावर कोळ्याची जाळी.

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, अडीअडचणीला असावा म्हणून ठेवला होता. डबा त्यांच्याच डोक्यात घालावा, असा संताप झाला. आबानं पुढं होऊन डब्यावरची जाळी पटक्याच्या सोग्यानं पुसली. मग कमरेची शिशी काढली, सवयीनं त्या दिवशीचंही तेल तो घेऊन आला होता. शिशी त्यानं उजेडाला धरून बघितली आणि पुन्हा कमरेला खोचली.

"बरं झालं," तो मला म्हणाला. "आज म्हातारीला फोडणी घालाया सांगतो."