फिनेलनं धुतलेला गोठा

जामखेडकडच्या एका दूधसंघाच्या गोठ्यावर दानीएल पाडळे ओव्हरसियर होता. माणूस भलता तापट. पण बहात्तरच्या दुष्काळात गोठा धुतलेल्या पाण्यावर एकरभर लसूणघास हिरवागार ठेवला तो त्यानंच. शेणामुताचं पाणी हौदात निवळायचं, त्यात विहिरीचं थोडं पाणी मिसळायचं आणि उतारानं काढलेल्या पाटातून ते घासाला जायचं.

मग चेअरमन राधाकृष्णबापूंनी या पाटाचं उद्घाटन काढलं. पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून त्यांनी पहाटेच सगळा गोठा फिनेलनं धुऊन घेतला. तेच पाणी हौदात गेलं, हौदातून घासात. आठवड्याभरात घास करपला.

"बापू, पाहुणे घटकाभर नाक धरून उभे राहिले असते तर मेले असते का?" दानीएल कडाडला. "आता जनावरांना काय घालू? तुमचं भाषण?"

"आरं, मोठी मानसं यायची म्हंजी गोठा लखलखीत नको व्हय?"

दानीएलनं खांबावर सुकलेला उद्घाटनाचा हार ओरबाडला आणि समोरच्या गव्हाणीत आपटला. गाईनं तो दोऱ्यासकट चावून संपवला आणि आणखी मिळेल म्हणून त्याच्याकडं मान वर केली.

तिला द्यायला दानीएलकडं आता नुसत्या शिव्या उरल्या होत्या.