आईच्या गोळ्या उरतात

दुसऱ्याच्या हातातला डॉक्टरचा कागद वाचायची मला वाईट सवय आहे. मेडिकलवर उभा राहिलो की मान आपोआप तिरकी होते. शेजारच्याला वाटतं, बिचाऱ्याची मान धरलीय. मी मात्र वाचत असतो. याला साखर, त्याला मूळव्याध, आणि हा गावभर छाती काढून फिरतो त्याला झोपेची गोळी! बायको म्हणते, "लोकेसना दुखनामा तुमले कितली गोडी शे हो!" गोडी नाही, नुसती उत्सुकता. पण हे तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं पटत नाही.

मी रनाळ्याला राहतो आणि नंदुरबारला एका शाळेत कारकून आहे. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून गल्लीतल्या पाच-सहा घरांची औषधं शनिवारी माझ्याकडेच. लोक मला कागद देत नाहीत. कागद डॉक्टरांनी दिला त्याच आठवड्यात कुठं तरी गडप होतो. देतात ती गोळ्यांची रिकामी पट्टी. कुणी दोऱ्यानं बांधून देतं, कुणी पोराच्या वहीच्या पानात गुंडाळून. ती पट्टी मेडिकलवर ठेवायची, की तसलीच भरलेली पट्टी मिळते. एका म्हातारीनं एकदा चुकून बटणांचं रिकामं पान दिलं होतं, आणि मी ते इमानदारीत काउंटरवर ठेवलं होतं. तेव्हा मेडिकलवाले भाई इतके हसले की त्यांनी गल्ल्यामागचं स्टूलच धरलं.

हे भाई म्हणजे साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान. बोलणं आमच्यासारखंच अहिराणी, मध्ये मध्ये हिंदीची फोडणी. पट्टी कापताना त्यांचा एक नियम असतो. औषधाचं नाव आणि तारीख ज्या टोकाला छापलेली, ते टोक गिऱ्हाइकाकडे शेवटच्या गोळीपर्यंत राहिलं पाहिजे. कात्री उलट्या बाजूनं चालली की स्वतःवरच चिडतात. मिरचीचा हंगाम आला आणि नंदुरबारच्या मिरची बाजाराकडून वारा सुटला की दुकानाची अख्खी गल्ली शिंकते, आणि दर दुसरा माणूस येऊन सर्दीची गोळी मागतो. भाई नाकाला रुमाल लावून सांगतात, "सर्दी नही शे, मिरची शे. घर जा." आता असा दुकानदार कुठं मिळेल?

माझ्या आईची ब्लड प्रेशरची गोळी तिथूनच येते. गेल्या वर्षभरात तिचं प्रेशर काही केल्या आटोक्यात येईना. डॉक्टर मंगळवारी सकाळी तपासायचे, पट्टा आवळायचे, आकडा बघून चुकचुकायचे. एकदा त्यांनी गोळी दुप्पट ताकदीची केली. त्यानंतर आईला चक्कर यायला लागली. एका बुधवारी दुपारी ती मोरीच्या उंबऱ्याशी पडली. मनगट सुजलं, कपाळाला खोक पडली. मी शाळेतून धावत आलो तर ही बाई खाटेवर बसून मलाच म्हणते, "काय व्हयनं? वय व्हयनं. तू कसाले उना?" म्हणजे मी आलोच कशाला!

मी घाबरलो होतो. मोरीचा उंबरा दगडी आहे. आज मनगट, उद्या खुब्याचं हाड. त्या वयात हाड मोडलं की माणूस खाटेवरून उठत नाही, हे आमच्या गल्लीत दोनदा पाहिलंय. वर डॉक्टरांनी बजावलेलं, पुढच्या तपासणीला आकडा असाच राहिला तर सोबत दुसरी गोळी द्यावी लागेल. एका गोळीनं पडते, दोन गोळ्यांनी काय होईल? मला रात्री झोप लागेना.

त्याच शनिवारी भाईंनी आईची पट्टी कापता कापता मध्येच कात्री थांबवली.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमनी माय रोज गोयी खास ना?"

"हो, खाते ना. का?"

"तीस गोया म्हणजे तीस दिन. तुम्ही उनात, आलात ते पन्नास दिननंतर. मागच्या टायमालेबी तसंच व्हतं. हाई कसं काय?"

साऱ्या गावाचे कागद तिरक्या मानेनं वाचणारा मी, घरातल्या महिन्याभराच्या गोळ्या पन्नास दिवस पुरतात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आई "आते नको आनू, शेत अजून" म्हणायची, आणि मला वाटायचं, मागची शिल्लक असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाज वाटली मला, आणि भाईंचा थोडा रागही आला. आपली चूक दुसऱ्यानं दाखवली की येतो तसा.

पण रागापेक्षा उत्सुकता मोठी. उरलेल्या गोळ्यांचं होतं काय? विसरते म्हणावं, तर माझ्या पाचवीच्या फीची पावती कुठल्या ट्रंकेत आहे हे ती आजही सांगते. टाकून देते म्हणावं, तर भाकरीचा तुकडा वाया जाऊ देत नाही ती गोळी टाकेल? शेजारच्या काकूंनाही प्रेशर आहे. त्यांना साखर-चहा देते तशी गोळी देत असेल का? हा संशय मला इतका पटला की दोन दिवस मी काकूंकडे चोराकडे बघावं तसा बघत होतो. बिचाऱ्यांनी मला चहा पाजला.

आई गोळ्या सुपारीच्या जुन्या डबीत ठेवते आणि डबी उशीखाली. कुणाच्या हातून गोळी घेत नाही; बायकोनं विचारलं तर फणकारते, "मी काय तान्ही शे का?" तेव्हा सरळ विचारून उपयोग नव्हता. मी आठवडाभर, आई संध्याकाळी देवळात गेली की, उशी उचलून गोळ्या मोजल्या. पन्नाशीचा माणूस, आईच्या उशीखाली हात घालतोय! रविवारी एकोणतीस. सोमवारीही एकोणतीस. मंगळवारी अठ्ठावीस, बुधवारी सत्तावीस. गुरुवारी पुन्हा सत्तावीसच. शुक्रवारी सव्वीस. शनिवारची संध्याकाळ व्हायच्या आतच मेडिकलवर जायचं होतं, म्हणून त्या दिवसाचं मोजणं राहिलं, पण एवढ्यावरून काहीच उलगडेना. काकू मात्र सुटल्या. कुणाला दिल्या असत्या तर गोळ्या लवकर संपल्या असत्या, हे मला आत्ता सुचलं; इथं तर मधल्या काही दिवशी डबी जशीच्या तशी असायची.

हे आकडे मी शाळेच्या पाकिटावर लिहून भाईंना दाखवले. ते काउंटरवर कोपर टेकवून बराच वेळ बघत राहिले. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यांची मान आता तिरकी. मग भाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "सोमवारले तुमना घर माय काय खास?"

"जेवण नाही. उपास असतो, नुसता फराळ. संध्याकाळी सोडते."

"गुरुवारले?"

"उपासच."

"आनि आज?"

आज शनिवार. सकाळी निघताना चुलीवर भगर होती. मी भाईंकडे बघितलं, भाईंनी आईच्या पाकिटाकडे बोट केलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: रोज एक, सकाळी जेवणानंतर.

"या अल्ला," भाई कपाळावर हात मारून म्हणाले. "मन्हंच अक्षर!"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी चाळीस वर्षं नंदुरबारात येऊन-जाऊन कधी ऐकलं नव्हतं. रमजान लागायच्या आठ-दहा दिवस आधी त्यांच्या मोहल्ल्यातले लोक आपले कागद घेऊन येतात. सकाळची गोळी पहाटे, रोजा धरायच्या आधी सहरीला घ्यायची का, रात्रीची संध्याकाळी रोजा सोडल्यावर इफ्तारनंतर चालेल का. भाई यादी करतात, डॉक्टरांना विचारून येतात आणि पाकिटांवर नव्यानं लिहून देतात. "वरीसमा एक महिना शे आमना, तरी इतली चौकशी," ते म्हणाले. "तुमना तर हप्तामा तीन दिन! पन एक मानूस कधी इचारत नही. आनि मीबी कधी इचारं नही." शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं.

आता सगळं एका रेषेत आलं. सोमवारी गोळी नाही. मंगळवारी सकाळी जेवायच्या आधी तपासणी, म्हणजे पोटात शेवटची गोळी रविवारची. प्रेशर चढलेलंच दिसणार. डॉक्टरांनी ताकद वाढवली ती त्या आकड्यावर, आणि ती तगडी गोळी मंगळवार-बुधवार अशी लागोपाठ पोटात गेली की आई चक्कर येऊन पडणार. भाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, ही गोळी जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, उपासाला घ्या, पण रोज घ्या. जुन्या ताकदीचीच द्या आणि पंधरा दिवसांनी आणून दाखवा. भाईंनी नवं पाकीट घेतलं, पेन झटकलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: रोज एक, सकाळी जेवणानंतर. उपासाला फराळानंतर.

घरी येऊन मी आईवर चिडलो. चिडायचं नाही असं रस्ताभर ठरवून आलो होतो, पण नाही जमलं. "अव माय, इतला दिन गोयी का खादी नही?"

ती शांतपणे म्हणाली, "जेवननंतर लिखेल शे ना? उपासले जेवन ऱ्हास का? मंग गोयी कशी खाऊ?"

तिच्या बाजूनं एकही चूक नव्हती. मी नवं पाकीट वाचून दाखवलं, डॉक्टरांचं सांगितलं. फराळानंतर हा शब्द ऐकून तिनं पाकीट हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "देवले चालई?" मी म्हटलं, चालेल. "लिखनं कोनी?" मी सांगितलं. "भाईनी? मंग बरोबर व्हई," ती म्हणाली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सवय वाईट. मी विचारलं, सोमवार तुझा लग्नाआधीपासूनचा, गुरुवार बाबा गेल्यापासूनचा, हे मला माहीत आहे. शनिवार कधी धरलास? आधी तर नव्हता.

तिनं ताट जवळ ओढलं. भगरीत चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू गाडी लिनी तवयपाइन."

दोन वर्षांपूर्वी बसच्या वेळांना कंटाळून मी मोटारसायकल घेतली; तेव्हापासूनचा तिचा शनिवार. बाकी दिवस शाळेतल्या एका सरांबरोबर त्यांच्या कारनं जातो. सकाळच्या शाळेला त्यांची वेळ जमत नाही, म्हणून शनिवारी एकटा, गाडीवर. दोंडाईचा रस्त्यानं, ट्रकांमधून. जाताना शाळा, येताना गल्लीची औषधं. त्यात तिची गोळी. मी तिची गोळी आणायला जात होतो, आणि मी धड परत यावं म्हणून ती त्या दिवशी गोळी घेत नव्हती.

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी उगाच पाणी प्यायलो.

पुढच्या शनिवारी मी गाडी काढलीच नाही. पहाटेची बस धरली, तासभर उभा राहून गेलो, दुपारी तसाच उभा राहून आलो. भाईंनी विचारलं, गाडी बिघडली का? मी म्हटलं, नाही, आईचा शनिवार सोडवायचाय. घरी पोचलो तेव्हा आई, मी येईपर्यंत सकाळचा फराळ तसाच ठेवून, ताट घेऊन ओसरीवर बसली होती. ताटात पुन्हा भगर.

"माय, आज मी बसमा गयतू," मी मोठ्यानं सांगितलं. "गाडी घरमाच व्हती. आते तरी शनवार सोड."

तिनं माझ्याकडे बघितलं, जसं लहानपणी चुकीचं गणित सोडवल्यावर बघायची.

"बस बी त्याच रस्तावर चालस ना?" ती म्हणाली. मग ताटातली भगर संपवली, डबी उघडली आणि माझ्यासमोर गोळी घेतली.