दसऱ्याला पुजलेलं मीटर

पुंजाराम गांगुर्डे दिंडोरीकडच्या खेड्यातून नाशकात आला तो विटा वाहायला. शहराच्या खालच्या अंगाला, गोदेच्या काठी गटाराचं पाणी साफ करायचं केंद्र बांधत होते. बांधून झालं, मजूर पांगले, पुंजाराम तिथेच राहिला. आधी राखणीला, मग टाक्यांवर. बघता बघता एकोणीस वर्षं झाली. बायको सुलाबाई त्याला उंबऱ्यातच अडवायची. "आख्ख्या शहराची घाण अंगावर घेऊन येता, आंघोळीआधी देवघराकडं फिरकू नका." तो हसून म्हणायचा, "तू गोदामाईला ओवाळती, मी तिला न्हाऊ घालतो."

टाकीतलं पाणी साफ करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना खायला घाण लागते आणि श्वासाला हवा. ती हवा पाण्यात सोडायला तीन धिप्पाड यंत्रं, ब्लोअर म्हणतात त्यांना, अष्टौप्रहर घुमत असायची. केंद्राची निम्म्याहून जास्त वीज तीच खायची. पुंजाराम त्या जीवांना 'मंडळी' म्हणे. नुसता फेस बघून सांगे, आज मंडळी उपाशी आहेत की गुदमरलीत.

मागल्या वर्षी निकिता मॅडम इंजिनिअर म्हणून आल्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "काका, तिन्ही ब्लोअर कायम कशाला लागतात?"

"लागत नायत. दुपारी बायांची धुणीभांडी आवरली की पानी कमी येतं. तवा एक बी लय होतो. पण मला कोन इचारतं?"

"मी विचारतेय ना."

पुंजाराम त्यांना टाकीच्या कठड्याशी घेऊन गेला. त्यानंतर तो सांगत गेला आणि मॅडम लिहीत गेल्या. मग त्यांनी एक मीटर आणवलं. लांब वायरीच्या टोकाला हातभर नळी, ती टाकीत बुडवायची. पाण्यात हवा किती विरघळलीय ते तिला कळे. हवा पुरेशी असली की कॉम्प्युटर ब्लोअर मंद करी, कमी पडली की वाढवी. मोठ्या साहेबांनी नाखुशीनेच होकार दिला. "तीन महिने करून बघा. पाणी एकदा जरी बिघडलं, तर बंद." जमलं तर शहरातल्या बाकीच्या केंद्रांतही तसंच होणार होतं, आणि मॅडमच्या अहवालात पुंजारामचं नाव येणार होतं. सुलाबाईने हे चाळीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

अडीच महिने सुरळीत गेले. मग दसरा आला.

पुंजारामच्या बापाची शिकवण होती, पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विसावा द्यायचा. ब्लोअर सगळे बंद ठेवता येत नाहीत म्हणून तो दरवर्षी एकेकाला तासभर थांबवून हळदकुंकू वाही, झेंडूची माळ घाली. यंदा त्याचं लक्ष मीटरकडे गेलं. बिचारं अडीच महिने घाणीत बुडालेलं, एक दिवस सुटी नाही. त्याने ते वर ओढलं, चांगल्या पाण्याने धुतलं, हळदकुंकू लावलं आणि माळ घालून कठड्याला टांगलं. त्याच्या लेखी मीटरचं काम नुसतं बघायचं. एक दिवस नाही बघितलं तर ब्लोअर आहेत तसेच चालतील, काय बिघडतंय?

मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सणाची सुटी घेऊन तो सुलाबाईसोबत गावी सोनं वाटायला गेला.

आता उघड्यावर टांगलेल्या मीटरला चहूकडे हवाच हवा. कॉम्प्युटरला वाटलं, टाकीत हवा उतू चाललीय. त्याने ब्लोअर अगदी मंद केले. आत ड्युटीवर किशोर होता, पुंजारामचा जुना जोडीदार. पडद्यावर सगळं हिरवं दिसत होतं. तो तरी बाहेर कशाला बघायला जाईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामला फाटकातच वास आला आणि तो टाकीकडे पळत सुटला. पाणी काळंठिक्कर पडलं होतं. मंडळी गुदमरून गेली होती. तेच पाणी नदीत उतरलं होतं आणि काठाला मासे पोट वर करून लागले होते.

साहेब आले ते रुमाल नाकाला लावूनच. "काय मॅडम, तुमचं यंत्र असं चालतं?"

मॅडमनी कठड्यावरची माळ पाहिली होती. त्या म्हणाल्या, "माझी देखरेख कमी पडली, सर."

पुंजाराम पुढे झाला. "त्यांचं काय बी नाय, साहेब. मी काढलं ते. पूजेला."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. "म्हणजे एका माळेने बंद पडणारी वस्तू तुम्ही शहरभर लावणार होतात." आणि किशोरला सांगितलं, "तिन्ही फुल चालू कर. असेच राहू दे कायम."

पुंजाराम मॅडमना वाचवायला गेला आणि त्याच्याच शब्दांनी घाव पुरा झाला. साहेब गेल्यावर त्याने मॅडमपुढे हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले. "काका, मीटर कसं चालतं ते सगळं सांगितलं तुम्हाला, पण पाण्याबाहेर काढू नका एवढंच सांगायचं राहिलं." चार दिवसांत त्यांची बदली घरपट्टी विभागात झाली.

मंडळी परत जगवायला टाकीत शेणकाला सोडतात. गावाहून शेणाची पिंपं आणवायची नि कालवून ओतायचं, हे पुंजारामने महिनाभर केलं. सुलाबाईही पदर खोचून कालवायला बसायची. त्याला जेवण जात नव्हतं, तरी ती रोज डबा आणायची.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी पाण्याला पुन्हा तपकिरी रंग चढला, मातीसारखा वास आला. त्याने मॅडमना फोन लावला.

"मंडळी आली, मॅडम."

"खरंच? छान झालं, काका." त्यांच्यामागे कुणीतरी पावती मागत होतं. "किती ब्लोअर चालू आहेत?"

"तिन्ही."

पलीकडे पावतीवर शिक्का मारल्याचा आवाज आला.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तब्येतीला जपा." आणि फोन ठेवला.